गढूळ पाण्यातला बासवाला नितळ पाण्यावर येतो तेव्हा

डॅलस-ह्यूस्टनकडच्या तळ्यांवर बास मासे धरायला शिकलेली बरीच मराठी मंडळी नोकरी बदलून डेट्रॉइटकडे येतात. ट्रॉय, नोव्हाय नाहीतर कँटनला बस्तान बसतं, उन्हाळा लागतो आणि रॉड गाडीत टाकून मोर्चा लेक सेंट क्लेअरकडे वळतो. तिथे हात तोच, गळ तोच, आमिषंही तीच; मासा मात्र ढुंकून बघत नाही. बरं, तळ्यात मासे नाहीत म्हणावं, तर स्मॉलमाउथ बाससाठी हे तळं अख्ख्या अमेरिकेत नावाजलेलं आहे. फरक आहे तो पाण्याचा. टेक्सासच्या कित्येक जलाशयांत दोन-तीन फुटांखालचं काही दिसत नाही. इथे वारा पडलेल्या दिवशी दहा फुटांवरचे गोटे वरून मोजता येतात. आणि आपल्याला गोटे दिसतात म्हणजे माशाला आपण दिसतो.

गाठ मारणं, गळ टाकणं, मासा ओढून घेणं तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितो आहे. शिकलेलं टाकून द्यायचं नाही, त्याचा क्रम बदलायचा आहे. गढूळ पाण्यात आपण आधी टाकतो आणि मग शोधतो. नितळ पाण्यात आधी शोधायचं, मग लांबून टाकायचं.

हे पाणी असं का आहे

सेंट क्लेअर तळं पसरट आहे. क्षेत्रफळ साधारण ४३० चौरस मैल, पण सरासरी खोली जेमतेम ११ फूट. जहाजांसाठी खणलेला मार्ग सोडला तर सगळ्यात खोल जागाही २१ फुटांच्या आसपास. १९८८ साली याच तळ्यात झीब्रा शिंपले सापडले. समुद्रापारच्या जहाजांनी तोल सांभाळायला भरून आणलेल्या पाण्यातून ते इथे आले. नखाएवढा शिंपला, पण पूर्ण वाढलेला एक शिंपला दिवसाला जवळजवळ लिटरभर पाणी गाळतो. असे कोट्यवधी शिंपले तळाला चिकटल्यावर पाण्यातले सूक्ष्म जीव कमी झाले, ऊन तळापर्यंत पोचू लागलं आणि पाणवनस्पती पूर्वी नव्हत्या तिथे माजल्या. नजरेवर शिकार करणाऱ्या स्मॉलमाउथचं त्यात फावलं.

पाठोपाठ आली राउंड गोबी ही छोटी मासळी. १९९० मध्ये ती सेंट क्लेअर नदीत पहिल्यांदा आढळली. आपल्या खाडीतल्या चिखलावर उड्या मारणारी निवटी आठवा, ती हिचीच भावकी. गोबीच्या पोटात हवेची पिशवी नसते, म्हणून ती पाण्यात तरंगून राहू शकत नाही. तळावर बसते, दचकली की हातभर सुळकन सरकते आणि पुन्हा बसते. इथल्या स्मॉलमाउथचं हे रोजचं जेवण. ही चाल ध्यानात ठेवा, आमिष कसं चालवायचं हे त्यावरच ठरतं.

पहिली पायरी: पाणी मोजा

पांढरं प्लास्टिकचं झाकण घ्या, खाली थोडं वजन बांधा आणि दोरीला फुटाफुटावर मार्करने खूण करा. सावलीच्या बाजूने ते पाण्यात सोडा आणि किती फुटांवर दिसेनासं होतं ते बघा. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलज्ञाने १८६५ मध्ये समुद्राचं पाणी तपासायला हीच युक्ती वापरली. सरोवरांचे अभ्यासक आजही २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी याच कामासाठी वापरतात.

माझा ठोकताळा असा. तीन फुटांच्या आत झाकण गायब झालं तर तुमची टेक्सासची आमिषांची पेटी उघडा, काही बदलू नका. तीन ते सहा फुटांत दोन्ही पद्धती चालतात. सहाच्या पुढे गेलं की या लेखातलं सगळं लागू होतं. एकाच दिवशी एकाच तळ्यात हे तिन्ही आकडे मिळू शकतात, म्हणून जागा बदलली की पुन्हा मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, पण दिवसभर चुकीचं आमिष फेकत बसण्यापासून ते वाचवतं.

दुसरी पायरी: गळ न टाकता काठाने चाला

पोलराइज्ड चष्म्यावाचून नितळ पाण्यावर जाऊ नका. साधा गॉगल उजेड कमी करतो; पोलराइज्ड काच पाण्यावरची चकाकी कापते आणि आतलं दाखवते. उथळ पाण्यासाठी तांबूस किंवा पिवळसर काच मला जास्त सोयीची वाटते. टोपीच्या कडेला आतून काळं कापड असेल तर आणखी बरं.

होडी नसेल तर हॅरिसन टाउनशिपमधलं लेक सेंट क्लेअर मेट्रोपार्क हे सुरुवातीला उत्तम ठिकाण, काठावरून भरपूर पाणी हाताशी येतं. डेट्रॉइट नदीतल्या बेल आइल बेटावरही मासेमारीचे धक्के आहेत. सूर्य पाठीशी घेऊन सावकाश चाला. मात्र तुमची सावली पाण्यावर पडत असेल तर बाजू बदला.

बघायचं काय? गढूळ पाण्यात बास झाडाच्या बुंध्याला, धक्क्याच्या खांबाला चिकटून असतो, कारण तिथेच त्याला सुरक्षित वाटतं. नितळ पाण्यात तो मोकळा फिरतो. म्हणून मोठा आडोसा शोधण्यापेक्षा तळ कुठे बदलतो ते शोधा: पाणवनस्पती संपून वाळू सुरू होते ती कड, गवताच्या मधोमध राहिलेली उघडी वाळू, वाळूवर एकटाच पडलेला धोंडा, धक्क्याच्या सावलीची रेघ. स्मॉलमाउथची पाठ तपकिरी-हिरवी असते आणि तळात मिसळून जाते. वाळूवर आधी दिसते ती सावली. एक काळपट लांबट डाग जरासा सरकतो आणि त्याच्या वर फूटभर अंतरावर मासा असतो. एकदा असा मासा दिसला की मग नजर बसते.

गवताची खोल बाजूची कड कुठे आहे ते नीट बघून ठेवा. पाणी जितकं स्वच्छ तितकं ऊन खोल जातं आणि गवतही तितक्या खोलवर उगवतं. जुलै-ऑगस्टमध्ये मासे बहुधा त्याच कडेला असतात.

तिसरी पायरी: अंतर राखा

हे इतर सगळ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, आणि यालाच लोक सगळ्यात कमी जपतात.

पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, म्हणून बाहेरचं सगळं जग माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. पाण्याच्या पातळीशी साधारण दहा अंशांच्या आतलं जे काही असेल ते त्या खिडकीच्या कडेला चेपून जातं आणि त्याला जवळजवळ कळत नाही. सहा फुटी माणूस पाण्याच्या पातळीवर उभा असेल तर या कोनात बसायला साधारण ३५ फूट लांब लागतो. तुम्ही होडीच्या डेकवर उभे असाल तर आणखी लांब. गुडघ्यावर बसलात तर हेच अंतर बरंच कमी होतं. काठावरून मासेमारी करताना वाकून, बसून, झुडपाच्या आडून गळ टाकण्याचा फायदा इथे आहे. अंगात आकाशी किंवा करडा फिका शर्ट घाला, भगवा-पांढरा नको.

टेक्सासात बुंध्याच्या बाजूला पंधरा फुटांवरून अलगद आमिष सोडायची सवय असते. इथे साठ-सत्तर फुटांची फेक नेहमीची समजा. आणि दिसलेल्या माशाच्या डोक्यावर आमिष पाडू नका. त्याच्या पुढे आणि पलीकडे आठ-दहा फूट टाका, तळाला जाऊ द्या, मग हळूच त्याच्या वाटेवर आणा. गढूळ पाण्यात मासा अंगावरच्या पार्श्वरेषेने हेलकावा ओळखून अगदी जवळचं धरतो. इथे तो पंधरा-वीस फुटांवरून आमिष बघून चालत येतो, त्यामुळे नेम इंचाइंचाचा नसला तरी चालतो. फक्त आल्यावर तो नीट निरखतो आणि पटलं नाही तर वळून जातो.

चौथी पायरी: लाईन आणि रॉड

बेटकास्टर (जाड लाईनचं आडवं रील) आणि पन्नास पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, वेणीची (धागे विणून केलेली) लाईन घरी ठेवा, किंवा गवतावर बेडकासारखं आमिष चालवायला राखून ठेवा. इथे सात फुटी मीडियम किंवा मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड आणि २५०० आकाराचं रील, एवढं पुरे. मुख्य लाईन दहा पौंडी वेणीची. तिच्या पुढे आठ पौंडी फ्लुरोकार्बनचा आठ-दहा फुटांचा लीडर, म्हणजे आमिषाकडचा शेवटचा तुकडा. वेणीची लाईन बारीक म्हणून फेक लांब जाते आणि ताणत नाही म्हणून साठ फुटांवरचा नुसता स्पर्शही बोटाला कळतो. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचा आकडा) १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३. नायलॉनच्या मानाने हा पाण्याच्या जवळचा आकडा, म्हणून ही लाईन पाण्यात कमी उठून दिसते. ती अदृश्य मात्र होत नाही, दुकानदार काहीही म्हणोत.

दोन लाईनी जोडायला डबल युनी गाठ शिका. एफजी गाठ जास्त बारीक बसते, पण वाऱ्यात थरथरत्या होडीत ती मारायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. कुठलीही गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली तर फ्लुरोकार्बन घासून तिथेच कमजोर होतं. झीब्रा शिंपल्यांच्या कडा धारदार असतात, तेव्हा दर थोड्या वेळाने लीडरचे शेवटचे दोन फूट चिमटीत धरून ओढून बघा. खरखर लागली की तेवढा तुकडा कापा आणि पुन्हा बांधा.

पाचवी पायरी: आमिष

काळं-निळं, झगझगीत पिवळट-हिरवं, खुळखुळणारं, फिरत्या गोल पात्याचं स्पिनरबेट हे सगळं गढूळ पाण्यात माशाला आपला पत्ता सांगायला असतं. इथे पत्ता सांगायची गरज नाही. रंग मळकट हवेत: ग्रीन पंपकिन, वॉटरमेलन, धुरकट करडा, तपकिरी. आकार लहान, आवाज शून्य. सुरुवातीला दुकानात जाऊन दोनशे डॉलर उडवू नका. मी सांगतो ती तीन घ्या आणि हंगामभर त्यांनाच हात बसू द्या.

पहिली ट्यूब. डेट्रॉइट भागात ट्यूब ओढत हिंडणं ही जुनी पद्धत आहे, आणि गोबी आल्यापासून तर ती अधिकच चपखल बसली. साडेतीन-चार इंची पोकळ रबरी नळी, मागे झुलत्या दशा. ट्यूबच्या आत जाणारं जिगहेड (जड डोक्याचा गळ) घ्या. ते पाण्यात बुडवून ओलं करा, दशांच्या बाजूने आत सरकवा, पुढच्या टोकापर्यंत ढकला आणि लाईन बांधायचं कडं नखाने दाबून रबरातून बाहेर काढा. वजन वारा नसेल तर पाव औंस, होडी वाऱ्याने वाहत असेल तर ३/८ किंवा अर्धा. तळाला पोचली की रॉड बाजूला झुकवून फूटभर ओढा, थांबा, पुन्हा ओढा. उचलायची नाही. गोबी तळ सोडत नाही, तर तिची नक्कलही सोडणार नाही. होडीतून असाल तर इंजिन बंद करून वाऱ्यावर वाहत जा आणि ट्यूब मागे घसटत येऊ द्या. मासा लागला की खूण करून त्याच पट्ट्यातून पुन्हा वाहा. स्मॉलमाउथ बरेचदा टोळीने असतात.

दुसरी नेड रिग. कुऱ्हाडीने तोडल्यासारख्या सपाट डोक्याचं, औंसाच्या सहाव्या-दहाव्या हिश्शाचं जिगहेड आणि त्यावर पावणेतीन इंची रबराचा तुकडा. दिसायला अगदीच क्षुल्लक, पण काठावरून मासेमारी करणाऱ्यासाठी मी आधी हीच सुचवेन. टाका, तळाला बसू द्या आणि काही करू नका. दहा सेकंद. मग बोटभर हलवा. उन्हाने लख्ख, वाऱ्याची झुळूकही नाही अशा दुपारी ही चालते.

तिसरी जर्कबेट, म्हणजे माशासारखं लांबट टणक आमिष; साडेचार इंची, पाण्यात अधांतरी थांबणारी. एप्रिल-मे महिन्यांत पाणी ४५ ते ५५ अंश फॅरनहाइट असतं तेव्हा हिच्यासारखं दुसरं काही नाही. दोन हलके झटके आणि थांबा. पाणी जितकं थंड तितका थांबा लांब. मासा बहुतेक थांब्यातच धरतो, म्हणून हात स्थिर ठेवा आणि डोळा लाईनवर.

ड्रॉपशॉट चौथं म्हणता येईल. खाली वजन, त्याच्या वर फूट-दीड फूट अंतरावर गळ. ओकलंड काउंटीतल्या कॅस लेकसारख्या १२३ फूट खोल नितळ तळ्यावर गेलात तर ते शिकावंच लागेल. सेंट क्लेअरच्या उथळ पाण्यात सुरुवातीला अडत नाही.

सहावी पायरी: हळू, नाहीतर एकदम जोरात

मधली गती इथे मारक ठरते. एक तर आमिष इतकं निवांत पडून राहावं की माशाला त्यात खोट सापडू नये. नाहीतर इतकं वेगाने पळावं की निरखायला त्याला सवड मिळू नये, नुसतं धावून धरावंसं वाटावं. टेक्सासातल्या क्रँकबेटच्या (ओढलं की पोहणाऱ्या टणक आमिषाच्या) एकसुरी मध्यम चालीमागे मासा होडीपर्यंत येतो, बघतो आणि परत जातो. पण असा पाठलाग करणारा मासा दिसला तर ती वाईट बातमी नव्हे. त्याने ठिकाण सांगितलं. दुसऱ्या रॉडला नेड रिग बांधून तयार ठेवा आणि तो वळला त्या दिशेला लगेच टाका.

वाऱ्याला शिव्या घालणं सोडा. पाण्यावर लाटांची खवलं उठली की खिडकी फुटते, माशाला आपण नीट दिसत नाही, लाईन दिसत नाही आणि तो धीट होतो. नितळ पाण्यावर मी वारा लागणारा काठच निवडतो. ढगाळ हवा, उजाडताना आणि मावळतीचा तास, हेही त्याच कारणाने चांगले.

आणि इथेच तुमच्या जुन्या पेटीला काम मिळतं. तळं उथळ असल्याने दिवसभर जोराचा वारा सुटला की वाऱ्यासमोरच्या काठाला तळ ढवळून पाणी दुधाळ होतं. मोठ्या पावसानंतर क्लिंटन नदीच्या मुखाशीही गाळाचं पाणी येतं. या दुधाळ आणि नितळ पाण्याच्या सीमारेषेवर बारकी मासळी घुटमळते आणि बास कडेला दबा धरतो. झाकण टाकून मोजा. दोन फुटांवर गायब झालं तर बिनधास्त स्पिनरबेट काढा, रंगीत काढा, जोरात चालवा. रेषेला समांतर फेका, आडवं नको. आमिष जास्तीत जास्त वेळ कडेवर राहिलं पाहिजे. टेक्सासकराला इथल्या सराईतांपेक्षा सरस ठरायची संधी या पट्ट्यात आहे.

सातवी पायरी: मासा लागल्यावर

जाड लाईनवरचा तो खांद्यापासूनचा झटका विसरा. आठ पौंडी लीडर त्याने गाठीत तुटेल. लाईन जड वाटली की रील फिरवून ढिली लाईन आत घ्या आणि रॉड बाजूला सलग ओढा. गळ बारीक आणि टोकदार असतो, तेवढ्यात रुततो. रीलचा ड्रॅग (लाईन किती जोराने सुटावी ते ठरवणारा ब्रेक) आधीच सैल लावा, हाताने लाईन ओढली तर सुटत यावी. स्मॉलमाउथ उड्या मारतो, आणि लार्जमाउथ बासपेक्षा जास्त वेळ भांडतो. तो वर येताना दिसला की रॉडचं टोक पाण्याकडे न्या. होडी बघितल्यावर तो हमखास पुन्हा खाली धाव घेतो. त्या क्षणी रील धरून ठेवू नका.

घरटी आणि कायदा

पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या आसपास गेलं की, म्हणजे साधारण मे-जूनमध्ये, नर उथळ वाळूत खळगा करून अंड्यांवर पहारा देतो. नितळ पाण्यात ही घरटी काठावरून स्वच्छ दिसतात आणि त्या नराला डिवचून पकडणं अगदी सोपं असतं. माझं स्पष्ट मत आहे की त्याला सोडून द्यावं. तो घरट्यावरून उचलला गेला की भोवती टपलेल्या गोबी काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. नंतर तुम्ही मासा परत सोडलात तरी तोवर अंडी गेलेली असतात.

मिशिगनमध्ये १७ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. बास पकडून तिथल्या तिथे सोडायला वर्षभर मुभा आहे. ठेवायचा असेल तर सेंट क्लेअर तळं, सेंट क्लेअर नदी आणि डेट्रॉइट नदीत हंगाम जूनच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि ३१ डिसेंबरला संपतो. मासा किमान १४ इंच हवा, आणि लार्जमाउथ-स्मॉलमाउथ मिळून दिवसाला पाच. नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची चालू पुस्तिका फोनवर उघडून बघा. तळ्याच्या मधून कॅनडाची हद्द जाते. होडी पलीकडे नेऊन गळ टाकायचा तर ओंटारिओचा परवाना वेगळा. कालवण करायचा बेत असेल तर राज्याच्या आरोग्य विभागाची कुठल्या तळ्यातला कुठला मासा किती खावा याची यादी आहे, ती आधी वाचा. पारा आणि इतर रसायनांमुळे बासला त्यात मर्यादा आहेत.

होडी पाण्याबाहेर काढली की तळाचं बूच काढून सगळं पाणी तिथेच सोडा. होडीला, ट्रेलरला, नांगराच्या दोरीला चिकटलेलं गवत हाताने काढा. मिशिगनमध्ये तो कायदाच आहे. काठावरून मासेमारी केली असेल तर बूट आणि जाळंही धुवा आणि दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी निदान पाच दिवस कडक उन्हात वाळवा. झीब्रा शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक असतात आणि बुटातल्या ओंजळभर पाण्यातूनही प्रवास करतात.